चिनी भट्टी, युरोपीय प्रयोगशाळा आणि शिरोलीचे ओतकाम

पुण्याहून बंगळूरकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गाने कोल्हापुरात येताना पंचगंगेचा पूल लागण्यापूर्वी शिरोलीची औद्योगिक वसाहत दिसू लागते. हातकणंगले तालुक्यातील या वसाहतीत यंत्रशाळा आहेत, पुठ्ठ्याचे व रसायनांचे छोटे कारखाने आहेत. परंतु तिची खरी ओळख आहे ती ओतशाळांची. कोल्हापूर परिसरात उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले या पट्ट्यांत मिळून सुमारे तीनशे ओतशाळा आहेत. स्थानिक बोलीत त्यांना सरसकट ‘फौंड्री’ म्हणतात. मोटारीचे, ट्रॅक्टरचे, पंपांचे व इंजिनांचे बिडाचे भाग येथे ओतले जातात आणि देशाच्या सर्व भागांत व परदेशांतही जातात.

संध्याकाळी भट्टी फुटण्याच्या वेळी एखाद्या ओतशाळेत उभे राहिले, तर एक दृश्य हमखास दिसते. वितळलेल्या रसातून थोडा रस पाचरीच्या आकाराच्या लहान साच्यात ओततात. तो गोठला की पाण्यात विझवून हातोड्याने तोडतात आणि अनुभवी मिस्त्री तुटलेली कड प्रकाशाकडे धरून पाहतो. पाचरीच्या टोकाला किती भाग पांढरा झाला आणि कोठपासून करडा रंग सुरू झाला, यावरून रस साच्यात ओतण्याजोगा आहे की नाही, हे तो सांगतो. शेजारच्या खोलीत वर्णपटमापक यंत्र असते. त्याच रसाच्या दुसऱ्या नमुन्यातील कार्बन, सिलिकॉन, मँगनीज, गंधक आणि फॉस्फरस यांचे प्रमाण ते यंत्र मिनिटाच्या आत कागदावर उमटवते. डोळा आणि आकडा यांची ही शेजारशेजारची बैठक सर्वसामान्य वाटते. प्रत्यक्षात ती जमून येण्यास जगाला सुमारे दोन हजार वर्षे लागली. ज्या समाजाने बिडाचे ओतकाम प्रथम साधले, त्या चिनी समाजात ती आपोआप जमली नाही. ज्या युरोपात ओतकाम फार उशिरा पोहोचले, तेथे ती प्रथम जमली. असे का घडले, हा विज्ञानाच्या इतिहासातील एक मोठा प्रश्न आहे. शिरोलीच्या दृष्टीने तो केवळ इतिहासाचा प्रश्न नाही.

बीड आणि घडीव लोखंड

या विषयात शिरण्यापूर्वी धातूची एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. शुद्ध लोखंड वितळण्यास १,५०० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णता लागते. कोळशाच्या साध्या भट्टीत व हाताच्या भात्यावर ती मिळत नाही. म्हणून जगाच्या बहुतेक भागांत प्राचीन काळी लोखंड वितळवीत नसत. दगडापासून स्पंजासारखा मऊ गोळा तयार करीत आणि तो घणाखाली ठोकून त्यातील मळी काढीत. हे घडीव लोखंड होय. दिल्लीचा सुप्रसिद्ध लोहस्तंभ अशाच गोळ्यांना ठोकून, जोडून उभा केलेला आहे. तो ओतलेला नाही.

परंतु लोखंडात चार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरला, तर त्याचा वितळबिंदू सुमारे ११५० अंशांपर्यंत खाली येतो. हे पाण्यासारखे वाहते लोखंड साच्यात ओतता येते. तेच बीड होय. ते ठिसूळ असते, घणाखाली तडकते. म्हणून केवळ घडीव लोखंडाची सवय असलेल्या लोहाराला ते बिघडलेला माल वाटते. युरोपातील जुन्या भट्ट्यांत चुकून असे लोखंड तयार होई तेव्हा ते बहुधा टाकून दिले जात असे.

चिनी कारागिराने ते टाकून दिले नाही. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास चीनमध्ये बिडाच्या ओतीव वस्तू तयार होऊ लागल्या होत्या, असे उत्खननांवरून दिसते. युरोपात बिडाचा नियमित वापर चौदाव्या-पंधराव्या शतकांत सुरू झाला. अंतर सुमारे अठराशे वर्षांचे आहे. याची कारणे अद्भुत नाहीत. काशाच्या ओतकामाची दीर्घ परंपरा चीनमध्ये आधीपासून होती. मातीचे अनेक तुकड्यांचे साचे करण्यात तेथील कुंभार आणि ओतारी निष्णात होते, उष्णता सोसणारी चांगली माती उपलब्ध होती आणि जोरदार भाते होते. ओतण्याची सवय असलेल्या हाताला वाहते लोखंड म्हणजे बिघाड वाटला नाही, नवे काशे वाटले.

ठिसूळपणावरही त्यांनी उपाय शोधला. चिनी बिडात सिलिकॉन कमी असे, त्यामुळे ते गोठताना पांढरे आणि काचेसारखे कडक होई. ओतलेल्या वस्तू बंद भट्टीत कित्येक दिवस तापत्या ठेवल्या, की त्यांतील कार्बन मोकळा होऊन त्या चिवट बनतात, हे तेथील कारागिरांनी ख्रिस्तपूर्व काळातच हेरले. कुदळी, कुऱ्हाडी, नांगराचे फाळ असे शेतकऱ्याच्या रोजच्या उपयोगाचे सामान या रीतीने बनू लागले. हान राजवंशाने इ. स. पूर्व ११७ मध्ये मीठ आणि लोखंड यांची मक्तेदारी शासनाकडे घेतली आणि साम्राज्यात एकोणपन्नास लोह-कचेऱ्या स्थापन केल्या. होनान प्रांतातील वेनशिएन येथे १९७०च्या दशकात हान काळातील साचे भाजण्याची एक भट्टी सापडली. तिच्यात एकावर एक रचलेल्या साच्यांचे पाचशेहून अधिक संच होते. एकाच नळीतून रस सोडून घोडा व रथ यांच्या साजाचे अनेक नग एकाच वेळी ओतण्याची ती योजना होती. मोठ्या संख्येने एकसारखे नग काढण्याची ही पद्धत पाहून शिरोलीतील कोणत्याही मोल्डरला परकेपणा वाटणार नाही.

भाता चालविण्यासाठी पाण्याची शक्ती वापरण्याचे श्रेय इ. स. ३१ च्या सुमारास नानयांगचा अधिकारी असलेल्या तू शि याला दिले जाते. वांग चन याने १३१३ मधील आपल्या कृषिग्रंथात अशा जलचलित भात्याचे चित्र दिले आहे. तू शि आणि वांग चन हे दोघेही शासकीय अधिकारी होते, हे या नियतकालिकाच्या वाचकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. चिनी नोकरशाहीने तंत्रविद्या दडपून टाकली, असे एक सोपे विधान अनेकदा केले जाते. ते पुरते खरे नाही.

सुंग राजवंशाच्या काळात हा उद्योग फार मोठा झाला. १०७८ च्या सुमारास चीनचे वार्षिक लोह-उत्पादन सव्वा लाख टनांच्या घरात गेले असावे, असा अंदाज अमेरिकन इतिहासकार रॉबर्ट हार्टवेल यांनी १९६२ मध्ये मांडला. करांच्या नोंदींवरून काढलेल्या या आकड्याबद्दल पुढे मतभेद झाले आणि तो जपूनच घेतला पाहिजे. तरीही तुलनेसाठी एवढे सांगता येईल, की औद्योगिक क्रांती ऐन भरात असताना ब्रिटनचे उत्पादन १७९६ मध्ये सव्वा लाख टनांवर पोहोचले. उत्तर चीनमधील भट्ट्यांत लाकडी कोळशाऐवजी दगडी कोळसा व कोक वापरण्यासही सुंग काळातच सुरुवात झाली होती. इंग्लंडमध्ये अब्राहम डार्बी याने कोलब्रुकडेल येथे कोकवर बीड काढण्यात यश मिळविले ते १७०९ मध्ये.

दोन पुस्तके, दोन वर्षे

सतराव्या शतकातील दोन ग्रंथ शेजारी ठेवले म्हणजे दोन्ही समाजांतील फरक कोठे पडला, ते अधिक स्पष्ट होते.

१६३७ मध्ये चीनच्या जिआंगशी प्रांतात सुंग यिंग-शिंग नावाच्या एका शिक्षकाने ‘थ्येन-कुंग खाय-वू’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ग्रंथाच्या नावाचा आशय निसर्गाची किमया व मानवी कौशल्य यांतून वस्तूंची निर्मिती, असा सांगता येईल. भात, रेशीम, मीठ, साखर, मातीची भांडी, कागद, नौका, धातू अशा विविध व्यवसायांची सचित्र माहिती त्यात आहे. मोठी घंटा ओतताना मेणाचा नमुना कसा करावा आणि एका भट्टीचा रस पुरत नसल्यास साच्याभोवती अनेक लहान भट्ट्या मांडून त्यांचा रस पाटांनी एकाच वेळी कसा आणावा, हे त्याने वर्णिले आहे. लेखक प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण झाला होता. राजधानीतील सर्वोच्च परीक्षेत मात्र त्याला पुन्हा पुन्हा अपयश आले. ग्रंथ लिहिला त्या वेळी तो फन-यी या परगण्याच्या शाळेत अध्यापन करीत होता. छपाईचा खर्च त्याच्या एका मित्राने सोसला. नोकरीत बढती मिळविण्याशी या पुस्तकाचा काडीचाही संबंध नाही, असे त्याने प्रस्तावनेतच बजावले आहे. त्यात विनोद आहे तसा विषादही आहे.

पुढे सात वर्षांत मिंग राजवंश कोसळला. हा ग्रंथ चीनमधून हळूहळू दिसेनासा झाला. जपानमध्ये १७७१ साली त्याची आवृत्ती निघाली होती. तिच्या आधारे विसाव्या शतकात तो चीनमध्ये पुन्हा छापला गेला, तेव्हा चिनी वाचकांना तो नव्याने सापडला.

१६३८ मध्ये हॉलंडमधील लायडेन येथे गॅलिलिओचा ‘दोन नवी शास्त्रे’ हा ग्रंथ बाहेर पडला. गॅलिलिओही त्या वेळी सुस्थितीत नव्हता. धर्मपीठाच्या आज्ञेने तो स्थानबद्ध होता. या ग्रंथातील संवादाचा आरंभ व्हेनिसच्या जहाजगोदीच्या उल्लेखाने होतो. तेथील कारागिरांशी बोलून विचाराला चालना मिळते, असे पात्रे म्हणतात. एखाद्या लहान यंत्राच्या प्रमाणात सर्व मापे वाढवून मोठे यंत्र बनविले, तर ते त्याच प्रमाणात मजबूत राहत नाही, हे गोदीतील मिस्त्रींना अनुभवाने ठाऊक होते. गॅलिलिओने त्याचे कारण भूमितीने दाखविले. आकार दुप्पट केला की छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन मात्र आठपट होते.

सुंग यिंग-शिंगचा ग्रंथ माहितीच्या दृष्टीने अधिक समृद्ध आहे, असे म्हणण्यास हरकत नाही. ‘कसे करावे’ याचे उत्तर तो उत्तम देतो. गॅलिलिओ थोड्या गोष्टी घेतो, परंतु ‘असेच का होते’ हे मापून आणि सिद्ध करून दाखवितो. त्याच्या मागोमाग दुसरा कोणीही ते माप पुन्हा घेऊन पाहू शकतो आणि चूक आढळल्यास सांगू शकतो. एका ग्रंथाच्या पाठीशी वाचकांचा व टीकाकारांचा समुदाय उभा राहिला. दुसऱ्याच्या पाठीशी एक मित्र होता.

याचे फळ ओतकामातच पाहता येते. १७२२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने बीड मऊ व चिवट करण्याच्या प्रयोगांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही युक्ती चिनी कारागिरांना दोन हजार वर्षांपासून माहीत होती. तेव्हा शोध म्हणून त्यात नवे काय, असे कोणी विचारील. नवे होते ते त्याचे वागणे. त्याने निरनिराळ्या प्रतीचे लोखंड तोडून तुटलेल्या पृष्ठभागांची सूक्ष्मदर्शकातून पाहणी केली, चित्रे काढली, कोणत्या पदार्थात किती काळ तापविल्यावर काय झाले याच्या नोंदी केल्या आणि हे सर्व कोणालाही वाचता येईल असे छापले. कारागिरांच्या संघांत जे गुपित म्हणून राखले जाई, ते त्याने चव्हाट्यावर मांडले. १७८१ मध्ये स्वीडनमध्ये बर्गमन याने आणि १७८६ मध्ये फ्रान्समध्ये व्हान्देरमोन्द, बेर्थोले व मोंज यांनी घडीव लोखंड, पोलाद आणि बीड यांतील भेद मुख्यतः कार्बनमुळे आहे, हे दाखवून दिले. चिनी कारागीर ज्या कार्बनला शतकानुशतके हाताळीत आला, त्याला नाव मिळाले ते येथे.

नीडहॅम यांचा प्रश्न

हा प्रश्न जगापुढे ठळकपणे मांडण्याचे श्रेय जोसेफ नीडहॅम यांच्याकडे जाते. ते केंब्रिजचे जीवरसायनशास्त्रज्ञ होते. १९३७ मध्ये लू ग्वेइ-जेन आणि अन्य चिनी संशोधक तेथे अभ्यासासाठी आले व त्यांच्या सहवासात नीडहॅम चिनी भाषा शिकले. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते चुंगकिंग येथे ब्रिटिश-चिनी वैज्ञानिक सहकार्य कार्यालयाचे प्रमुख होते. त्यांच्या ‘चीनमधील विज्ञान आणि संस्कृती’ या ग्रंथमालेचा पहिला खंड १९५४ मध्ये निघाला. १९९५ मध्ये त्यांचे निधन झाल्यानंतरही ही माला चालू राहिली. लोह-धातुशास्त्रावरचा डोनाल्ड वॅग्नर यांचा खंड २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. पंधराव्या शतकापर्यंत निसर्गज्ञानाचा व्यवहारात उपयोग करण्यात चीन युरोपच्या पुढे होता. मग आधुनिक विज्ञान युरोपात का जन्मले, चीनमध्ये का नाही, असा नीडहॅम यांचा सवाल होता.

त्यांनी स्वतः समाजरचनेवर बोट ठेवले. शासकीय परीक्षांनी सर्व बुद्धिमंत साहित्य व नीतिशास्त्राकडे ओढले गेले, व्यापाऱ्याला प्रतिष्ठा मिळाली नाही आणि ग्रंथ वाचणारा व भट्टी पेटविणारा असे दोन वर्ग वेगळे राहिले. या परीक्षा १९०५ मध्ये बंद झाल्या. मार्क एल्व्हिन यांनी १९७३ मध्ये निराळे उत्तर दिले. चीनमध्ये शेती व वाहतूक त्या काळच्या साधनांनी शक्य तेवढी सुधारली होती आणि मजूर स्वस्त होते, म्हणून श्रम वाचविणाऱ्या यंत्राची निकड कोणाला भासली नाही, असे त्यांचे म्हणणे. नेथन सिव्हिन यांनी १९८२ मध्ये प्रश्नच तपासला. जे घडले नाही त्याची कारणे शोधणे कितपत योग्य, असे त्यांनी विचारले आणि सतराव्या शतकात चिनी ज्योतिर्गणितात मोठे परिवर्तन झालेच होते, याकडे लक्ष वेधले. केनेथ पोमेरान्झ यांनी २००० मध्ये इंग्लंडच्या सोयीच्या जागी असलेल्या कोळशाला आणि अमेरिकेतील वसाहतींना अधिक महत्त्व दिले.

या मतांपैकी एकालाच कौल देण्याचे कारण नाही. डार्बी हा शास्त्रज्ञ नव्हता. त्याचे यश प्रयत्न-प्रमादातून आलेले होते. औद्योगिक क्रांतीतील कित्येक सुधारणा प्रयोगशाळेआधी कारखान्यातच झाल्या. तथापि, एक गोष्ट ओतकामाच्या इतिहासावरून निःसंशय दिसते. कारागिराचे ज्ञान जोवर केवळ त्याच्या हातात असते, तोवर ते त्याच्याबरोबर जगते आणि त्याच्याबरोबरच मरते. ते लिहिले, मोजले आणि पुन्हा कारागिराच्या हाती आले तर वाढते. चीनमध्ये ते लिहिले गेले, परंतु परत आले नाही.

सह्याद्रीतील धावड

चीनबद्दल बोलताना आपल्या घराकडे पाहणे क्रमप्राप्त आहे. कोल्हापूरच्या पश्चिमेस विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या भागांत जांभ्या दगडाच्या पट्ट्यात लोहयुक्त दगड सापडतो. सह्याद्रीच्या माथ्यावर धावड नावाचे लोक तो गोळा करून कोळशाच्या भट्टीत लोखंड काढीत असत. १८८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कोल्हापूर गॅझेटियरमध्ये, लोखंड काढणे हा एके काळी येथील प्रमुख उद्योग होता. परंतु त्यासाठी लागणाऱ्या प्रचंड श्रमांमुळे युरोपातून येणाऱ्या स्वस्त लोखंडापुढे तो टिकू शकत नाही, अशी नोंद आढळते. धावडांच्या भट्टीचे माप, भात्याची चाल, दगडाची पारख यांविषयी मराठीत कोणी सुंग यिंग-शिंग झाला नाही. जी थोडी वर्णने आहेत, ती बहुतांशी परकीय अधिकाऱ्यांनी केलेली आहेत आणि तीही उद्योग मावळताना.

दख्खनच्या पोलादाची कथा अशीच आहे. मुशीत तयार होणारे हे पोलाद युरोपात ‘वुट्झ’ म्हणून ख्यातनाम झाले. रेओम्यूरने त्याच्या वड्या तपासल्या; पॅरिसच्या लोहारांना ते घडविता आले नाही. मायकेल फॅरडे यांनी १८१९ नंतरच्या काही वर्षांत त्यावर प्रयोग केले. त्यातून मिश्रधातूंच्या अभ्यासाला चालना मिळाली. पोलाद येथून गेले, प्रयोग तेथे झाले आणि त्यांचे निष्कर्ष ज्याने पोलाद बनविले त्याच्या गावी पोहोचले नाहीत. ओतकामाचे कौशल्यही येथे होते. विजापूरची ‘मुलूख मैदान’ ही अजस्र पंचरशी तोफ १५४९ मध्ये अहमदनगर येथे ओतली गेली. परंतु बिडाच्या ओतकामाची चीनसारखी सलग परंपरा आपल्याकडे नव्हती. कोल्हापूरची आजची फौंड्री ही धावडांच्या भट्टीची वारसदार नव्हे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ती नवी आहे.

नांगर, इंजिन आणि भट्टी

या नव्या उद्योगाचा उगम शेतीत आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी लोखंडी नांगर बनविण्यास प्रारंभ केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसविली. लोखंडी नांगराने जमीन खराब होते, या समजुतीमुळे त्यांना सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. पहिल्या महायुद्धात कच्चे लोखंड दुर्मीळ झाले, तेव्हा छत्रपती शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानातील जुन्या तोफा नांगरांसाठी वितळविण्यास त्यांना दिल्या. चीनमध्ये ओतीव फाळ हान काळात शेतकऱ्याच्या हाती होता. आपल्याकडे तो विसाव्या शतकात आला, हा या कथेतील एक विलक्षण योगायोग होय.

कोल्हापुरात उसाची लागवड, गुऱ्हाळे आणि नदीतून पाणी उपसणारी ऑइल इंजिने वाढत गेली, तशी दुरुस्तीची गरज वाढली. इंजिन परदेशी आणि सुटे भागही परदेशी. दुसऱ्या महायुद्धात हे भाग मिळणे कठीण झाले आणि येथील मिस्त्रींनी मोडका भाग समोर ठेवून त्याचा लाकडी नमुना करून नवा भाग ओतण्यास सुरुवात केली. त्यांतील अनेकांचे शालेय शिक्षण बेताचेच होते. उद्यमनगरातील लहान शेडपासून या व्यवसायाने मजल मारली. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाल्यानंतर शिरोली व गोकुळ शिरगाव येथे रस्ते, पाणी, वीज यांसह भूखंड उपलब्ध झाले. शिरोलीतील उद्योजकांची ‘स्मॅक’ ही संघटना उभी राहिली. भारतीय ओतकाम तज्ज्ञांच्या संस्थेची शाखा कोल्हापुरात काम करते.

मोडका भाग पाहून नवा भाग ओतणे, या टप्प्यापर्यंत केवळ हाताचे ज्ञान पुरेसे होते. गिऱ्हाईक जेव्हा भागाबरोबर आराखडा आणि धातूच्या गुणांचे प्रमाणपत्र मागू लागले, तेव्हा ते अपुरे पडू लागले. गोलाकार ग्राफाइटचे बीड हे याचे उत्तम उदाहरण आहे. साध्या करड्या बिडात ग्राफाइट पाकळ्यांच्या रूपात असते आणि त्या पाकळ्यांच्या टोकांशी तडा सुरू होतो. रसात मॅग्नेशियम मिसळले, की ग्राफाइटचे गोळे बनतात आणि बीड पोलादासारखे चिवट होते. १९४८ मध्ये ही पद्धत अमेरिकेत जाहीर झाली. चीनमधील हान काळाच्या काही ओतीव हत्यारांतही, दीर्घकाळ तापविल्यामुळे, असेच गोळे आधुनिक संशोधकांना सूक्ष्मदर्शकाखाली आढळले आहेत. ते कसे झाले, हे बनविणाऱ्यास माहीत असण्याचा संभव नव्हता.

शिरोलीत आज असे बीड अनेक ओतशाळांत रोज ओतले जाते. मॅग्नेशियमचे शिल्लक प्रमाण टक्क्याच्या शेकडाव्या भागांत, सुमारे ०.०३ ते ०.०५ टक्के राखावे लागते. प्रक्रिया केलेला रस दहा-पंधरा मिनिटांत साच्यांत गेला नाही, तर मॅग्नेशियमचा प्रभाव ओसरतो. क्रेनला विलंब झाला, साचे तयार नसले, कामगार जेवणास गेले, तर बाहेरून निर्दोष दिसणारा नग आतून पाकळ्यांचा निघतो. तो ट्रकच्या चाकाशी किंवा ब्रेकपाशी बसणार असतो. डोळ्याला हा दोष दिसत नाही, सूक्ष्मदर्शकाला दिसतो.

मग मिस्त्रीचे काय, असा प्रश्न उपस्थित होतो. वर्णपटमापक आले, विजेच्या भट्ट्यांनी पुष्कळ ठिकाणी कोकच्या क्युपोलाची जागा घेतली आणि ज्यांनी चाळीस-चाळीस वर्षे भट्टी सांभाळली ते निवृत्त होत आहेत. वाळूचा ओलावा मुठीत दाबून ओळखणे, रसाच्या पृष्ठभागावरील नक्षीवरून त्याची उष्णता व घडण ताडणे, एखाद्या नगात वायूचे भोक पडते ते साच्यात नेमके कोठे अडकलेल्या हवेमुळे, हे न सांगता जाणणे, या गोष्टी यंत्राच्या कागदावर उमटत नाहीत. त्या शिकण्यासाठी स्थानिक मुले पूर्वीसारखी येत नाहीत, अशी तक्रार वसाहतीत सर्वत्र ऐकू येते. ओतकाम गरम, धुळीचे व कष्टाचे आहे. ज्या घरी मुलगा शिकला, तेथे त्याने फौंड्रीत जावे असे आईवडिलांना वाटत नाही. आज ओतशाळांतील पुष्कळसे हात परप्रांतातून आलेले आहेत. कागद हाताळणारा आणि भट्टी हाताळणारा यांच्यातील जे अंतर नीडहॅम यांनी चीनच्या बाबतीत दाखविले, ते वेगळ्या रूपाने येथेही उभे राहू शकते. इकडे जगातील ओतीव मालापैकी जवळजवळ निम्मा माल एकटा चीन तयार करतो, आणि दुसऱ्या क्रमांकावर असलेल्या भारताची त्याच्याशी स्पर्धा आहे.

यावर काही ओतशाळांनी जो साधा मार्ग धरला आहे, तो पाहण्यासारखा आहे. प्रत्येक भट्टीगणिक एक नोंदवही ठेवली जाते. तिच्यात वर्णपटमापकाचे आकडे, रसाची उष्णता व ओतण्याची वेळ लिहितात आणि शेजारच्या रकान्यात पाचर तोडल्यावर मिस्त्रीने काय पाहिले, ते त्याच्याच शब्दांत उतरवून घेतात. दुसऱ्या दिवशी साचे फोडल्यावर किती नग वाया गेले, याचा आकडा त्याच ओळीत येतो. कधी यंत्र बरोबर ठरते, कधी मिस्त्री. दोघांचे मत जुळत नाही ती पाने तांबड्या पेन्सिलीने खुणावून ठेवतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून उमेदवारीसाठी आलेल्या मुलाला पहिल्या आठवड्यात हीच पाने वाचावयास देतात आणि मग त्याच्या हातात हातोडा व पाचर देतात.